इंग्रजांचा मैल आणि आपला कोस

वजन करावयास तराजू लागतो, धान्य मोजावयास पायली-शेर लागतात; पण अंतर सांगण्यास मनुष्याला स्वतःच्या देहापलीकडे फारसे काही लागत नाही. बोट, वीत, हात, पाऊल, हाक आणि नजर ही साधने त्याच्यापाशी जन्मतःच असतात. म्हणूनच कोणत्याही भाषेतील अंतरवाचक शब्द घ्या, त्यांत तो समाज कसा चालत होता, काय पेरीत होता, कोणती हत्यारे वापरीत होता आणि कोणत्या शहराकडे तोंड करून उभा होता, याच्या खुणा सापडतात. इंग्रजी ही आम्हां सरकारी नोकरांची रोजच्या व्यवहारातील भाषा. तिच्यातील ‘मैल’, ‘फर्लांग’, ‘दगड फेकण्याइतके अंतर’, ‘कावळा उडेल तसे’ हे शब्द व वाक्प्रचार आपण सहज उचलतो, कधी जसेच्या तसे मराठीतही आणतो. पण अंतर मोजणारा एक मनुष्य या शब्दांच्या आड नेहमीच उभा असतो. तो कोण आणि कोठे उभा आहे, हे न पाहता त्याचे शब्द घेतले तर आपण त्याच्या पावलांनी आपली वाट मोजू लागतो. या लेखात त्या मनुष्याची थोडी ओळख करून घेण्याचा विचार आहे.

प्रथम मैलाकडे वळू. मैल हा शब्द इंग्रजांचा खरा, पण मूळचा तो त्यांचा नव्हे. रोमन सैन्य चालताना ‘मिल्ले पास्सुस’ म्हणजे हजार पावले मोजी. हे पाऊल आपल्या समजुतीतले एक पाऊल नसून डावे व उजवे मिळून होणारे जोडपाऊल होते. ते पाच रोमन फुटांचे धरीत, म्हणजे रोमन मैल पाच हजार फुटांचा, आजच्या हिशेबाने सुमारे १४८० मीटर झाला. ब्रिटन जिंकल्यावर रोमनांनी तेथे सडका बांधल्या आणि त्यांवर मैलाचे दगड रोवले. उत्तर इंग्लंडात हेड्रियनच्या भिंतीजवळ विंडोलांडा येथे असा एक दगड आजही आपल्या मूळ जागी उभा आहे. राज्य गेले, लष्कर गेले, परंतु हजार पावलांचा शब्द मागे राहिला.

या रोमन मैलाची एक आठवण इंग्रजीत अद्याप जिवंत आहे, आणि ती नेमकी कचेऱ्यांत अधिक ऐकू येते. कर्तव्यापेक्षा जास्त काम करणाऱ्याची स्तुती करताना इंग्रजी बोलणारे त्याने ‘एक मैल अधिक’ चालल्याचे सांगतात. हा वाक्प्रचार बायबलातील मॅथ्यूच्या शुभवर्तमानातून निघाला. कोणी तुला एक मैल येण्याची सक्ती केली तर त्याच्याबरोबर दोन मैल जा, असा तेथील उपदेशाचा आशय. तेथील सक्ती ही निव्वळ कल्पना नाही. रोमन अंमलात शिपायाने रस्त्यावरच्या कोणालाही धरावे आणि त्याच्या पाठीवर आपले ओझे द्यावे, अशी रीत होती. आपल्याकडे जिला वेठ म्हणत तीच ही. तेव्हा गोपनीय अहवालांत ज्या जादा मैलाची वाखाणणी होते, त्याच्या अलीकडचा पहिला मैल वेठबिगारीचा आहे. हे ठाऊक असलेल्या वाचकाला त्या स्तुतीचा अर्थ थोडा निराळा लागेल.

रोमनांच्या मागून आलेले अँग्लो-सॅक्सन लोक शेतकरी होते. त्यांचे अंतर लष्कराच्या पावलावर नव्हे, तर नांगराच्या तासावर मोजले जाई. ‘फर्लांग’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘तासाची लांबी’. बैलांनी विसावा न घेता एका दमात जेवढे तास ओढावे तेवढा फर्लांग. त्याची लांबी पुढे २२० यार्ड ठरली. फर्लांगभर लांब आणि २२ यार्ड रुंद एवढ्या पट्टीला एकर म्हणू लागले, आणि एकर म्हणजे साधारण एका दिवसात नांगरून होणारी जमीन. एडमंड गंटर याने १६२० मध्ये जमीन मोजण्यासाठी जी साखळी योजली ती याच २२ यार्डांची होती. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबीही २२ यार्डच असते. म्हणजे खेळपट्टी ही जर एकराची रुंदी मानली, तर फर्लांगभर अंतराने एक एकर पुरा होतो.

ही गोष्ट आपल्यापासून दूरची आहे असे कोणी समजू नये. महाराष्ट्रात ज्याला आज आपण गुंठा म्हणतो, तो ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद असा चौरस आहे. ३३ फूट म्हणजे २२ यार्डांच्या साखळीची बरोबर निम्मी लांबी, आणि असे ४० गुंठे मिळून एक एकर होतो. सातबाऱ्यावर आता हेक्टर व आर आले, तरी गावात जमिनीचा सौदा अद्याप गुंठ्यावरच बोलला जातो. अँग्लो-सॅक्सन बैलाच्या दमाचा हिशेब इंग्रजांच्या मोजणीबरोबर समुद्र ओलांडून आला आणि सांगली-साताऱ्याच्या शिवारात बसला. ‘आपला गुंठा’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात त्या परक्या बैलाचाही वाटा असतो.

पुढे इंग्लंडात या दोन मापांची गाठ पडली. रोमन मैल पाच हजार फुटांचा. त्याचे आठ भाग करून प्रत्येकास फर्लांग म्हणावे अशी रूढी होती. त्या हिशेबाने फर्लांग ६२५ फुटांचा यावयास हवा. पण शेतकऱ्याचा फर्लांग ६६० फुटांचा. आता कोणी कोणास वाट द्यावी? फर्लांग आखडावा, तर देशातील प्रत्येक शेताची हद्द, खत आणि कर बदलावा लागला असता. मैलाच्या पाठीशी असा कोणताच हितसंबंध नव्हता. अखेर मैलालाच ताणण्यात आले. १५९३ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीच्या पार्लमेंटाने एका कायद्यात मैल म्हणजे आठ फर्लांग असे नमूद केले आणि मैल ५२८० फुटांचा झाला. गमतीची गोष्ट ही, की तो कायदा वजनमापांचा नव्हताच. लंडनची वस्ती बेसुमार वाढत होती. शहराच्या वेशींपासून तीन मैलांच्या आत नवी घरे बांधू नयेत, असे सरकारास वाटले. ‘तीन मैल’ म्हटल्यावर मैल म्हणजे किती, हा वाद कोर्टात उभा राहू नये म्हणून ओघात त्याची व्याख्या दिली. कायद्याने वस्ती थांबली नाही. मैल मात्र कायमचा ठरला. ज्यांनी सरकारी नियमांची भाषा जवळून पाहिली आहे, त्यांना उद्देश बाजूस राहून व्याख्याच तेवढी टिकल्याचे नवल वाटणार नाही.

पण कायद्यातील मैल एक आणि लोकांच्या तोंडचा मैल दुसरा. जॉन ओगिल्बी याने चाकाच्या यंत्राने इंग्लंड-वेल्सचे रस्ते मोजून १६७५ मध्ये ‘ब्रिटानिया’ नावाचा रस्त्यांचा नकाशासंग्रह छापला. त्यात त्याने अंतरे तीन प्रकारे दिली : सरळ रेषेतले, लोक सांगतात ते, आणि प्रत्यक्ष मोजलेले. लोकांचे मैल मोजलेल्या मैलांपेक्षा संख्येने बरेच कमी भरत, कारण लोकांचा प्रत्येक मैल लांब होता. स्कॉटलंडचा मैल निराळा, आयर्लंडचा त्याहून निराळा. आयरिश मैल २२४० यार्डांचा, म्हणजे इंग्रजी मैलाच्या सव्वापटीहून मोठा. १८२४ च्या कायद्याने साऱ्या राज्यात एकच माप लागू झाले. तरी आयर्लंडच्या खेड्यांत जुना मैल बोलण्यात पुष्कळ काळ रेंगाळला. खेड्यातल्या माणसाने ‘मैलभर’ म्हणावे आणि चालणाऱ्याची संध्याकाळ व्हावी, या अनुभवातून एकोणिसाव्या शतकात ‘गावठी मैल’ अशा अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार रूढ झाला. आपल्याकडेही वाटसरूने ‘गाव किती लांब?’ विचारले, की उत्तर येते, ‘हे काय, आलंच’. सांगणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. तो स्वतःच्या पायांनी मोजतो, एवढेच.

देहाने व हत्यारांनी मोजण्याची ही वृत्ती इंग्रजीत ठायी ठायी दिसते. इंच म्हणजे जवाचे तीन दाणे. इंग्लंड-अमेरिकेत जोड्याचे दोन लगतचे आकार आजही जवाच्या एका दाण्याने, म्हणजे इंचाच्या तृतीयांशाने, वेगळे असतात. आपल्या कौटिलीय अर्थशास्त्रातही आठ यवांचे एक अंगुल सांगितले आहे. तेव्हा जवाचा दाणा दोन्ही देशांत पट्टीचे काम करीत होता. ‘फॅदम’ हा खलाशांचा शब्द. दोन्ही हात फाकवून जेवढी दोरी धरता येईल तेवढी, म्हणजे सहा फूट. मूळ शब्दाचा अर्थ मिठीत घेणे असा. पाण्याचा ठाव घेण्यासाठी फॅदम वापरीत, म्हणून एखाद्या गोष्टीचा थांग लागणे या अर्थीही तो शब्द इंग्रजीत क्रियापद झाला. मिसिसिपी नदीवर दोन फॅदम पाणी असल्याची नावाड्याची आरोळी ‘मार्क ट्वेन’ अशी असे. सॅम्युएल क्लेमेन्स या लेखकाने तीच आपले टोपणनाव म्हणून घेतली. मराठीत या मापाला ‘वाव’ म्हणतात, आणि विहिरीचे पाणी किती वाव खोल आहे हे जुन्या पिढीतील लोक सांगत असत. इंग्रजांच्या समुद्राला आणि आमच्या विहिरीला एकाच लांबीची मिठी पुरली.

हत्यारांचे वाक्प्रचार याहून बोलके आहेत. ‘दगड फेकण्याइतके अंतर’ आणि ‘बाण जाईल एवढे अंतर’ हे दोन्ही इंग्रजीत बायबलाच्या भाषांतरांनी दृढ केले. अटकेच्या रात्री येशू शिष्यांपासून दगडाच्या टप्प्याइतका दूर जाऊन प्रार्थना करू लागला, असे लूकच्या शुभवर्तमानात आहे. आणि वाळवंटात तहानेने व्याकूळ झालेल्या मुलाचे मरण पाहावे लागू नये म्हणून हागार त्याच्यापासून बाणाच्या टप्प्यावर जाऊन बसली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. दोन्ही ठिकाणी अंतर फुटांत सांगितले असते तर वाचकाला काय कळले असते? आप्तांपासून दूर, पण अगदी दूर नव्हे. हेच तेथे सांगावयाचे आहे. ‘बाणाच्या टप्प्या’च्या धर्तीवर पुढे इंग्रजीत ‘कानाच्या टप्प्यात’ असा शब्द घडला. धनुष्य गेले, परंतु कान त्याच्या जागी बसला.

सरळ अंतरासाठी इंग्रज ‘कावळा उडेल तसे’ म्हणतो. हा प्रयोग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून छापलेला सापडतो. जहाजावर किनारा शोधण्यास कावळे ठेवीत, अशी एक कथा याच्या मुळाशी सांगतात. तिला आधार नाही. कावळा तर सरळ उडणारा पक्षीही नव्हे. खरा मुद्दा असा, की कावळ्याला कुंपण, ओढा आणि जहागीरदाराची हद्द आड येत नाही. पायी चालणाऱ्याला या तिन्हींना वळसा घालावा लागतो. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजी भाषेला कावळ्याऐवजी मधमाशी भेटली. मध घेऊन पोळ्याकडे परतणारी माशी थेट जाते, हे रानात मध शोधणाऱ्या वसाहतवाल्यांनी पाहिले होते. त्यावरून तेथे सरळ वाटेला ‘माशीची रेघ’ म्हणू लागले. भाषा तीच, परंतु माणसाचा उद्योग पालटला की उपमाही पालटते.

मापे मेल्यावर म्हणींचे काय होते, याचेही एक सुंदर उदाहरण इंग्रजीत आहे. ‘एल’ नावाचे ४५ इंचांचे कापडाचे माप पूर्वी प्रचारात होते. जॉन हेवूड याच्या १५४६ च्या म्हणींच्या संग्रहात इंच दिला तर एल घेणाऱ्या माणसाची म्हण येते. थोडक्याने चुकले काय आणि पुष्कळाने चुकले काय सारखेच, या अर्थाची म्हण विल्यम कॅम्डेनने १६१४ मध्ये दिली; तीतही इंच आणि एल यांचीच जोडी आहे. पुढे एल व्यवहारातून गेला. म्हणी मात्र गेल्या नाहीत. दोन्हींमध्ये एलाच्या जागी मैल येऊन बसला. पंचेचाळीस इंचांच्या जागी त्रेसष्ट हजार इंच आले, आणि अर्थाला धक्काही लागला नाही. कारण म्हणीला माप सांगावयाचे नसते. तिला माणसाचा लोभ सांगावयाचा असतो. हाच लोभ मराठीने ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ असा सांगितला. इंग्रजाला कापड आठवले, आपल्याला घर.

आतापर्यंत अंतर कशाने मोजले हे पाहिले. पण अंतराला कोठून ही बाजूही असते, आणि खरी सत्ता तेथे लपलेली असते. लंडनपासूनचे अंतर आज चेअरिंग क्रॉस येथील पहिल्या चार्ल्सच्या पुतळ्याजवळून मोजतात. पूर्वी वेगवेगळ्या रस्त्यांचे आरंभ वेगवेगळे होते. उत्तरेकडील हमरस्ता हिक्स हॉल या न्यायकचेरीपासून मोजीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस ती इमारत पाडली गेली, तरी मैलांचे आकडे ‘हिक्स हॉल जेथे पूर्वी होता तेथून’ असेच सांगितले जात राहिले. इमारत नाहीशी झाली, पण तिच्यापासूनचे अंतर शिल्लक राहिले! मुंबईतही एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी मैलांचे दगड कोटातील सेंट थॉमस देवळापासून मोजून रोवले. ज्या देवळामुळे चर्चगेट हे नाव पडले तेच हे. मुंबईच्या मूळ रहिवाशांपैकी किती जण त्या देवळात जात असतील? पण प्रत्येकाच्या घराचे अंतर तेथूनच ठरले.

रेल्वेतही तेच. इंग्लंडात लंडनकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि लंडनहून निघणारी ‘डाउन’. ती रीत इकडे आली. मध्य रेल्वेवर अजूनही मुंबईकडे येणारी गाडी ‘अप’ असते, मग ती घाट उतरून का येईना. जगाच्या नकाशावर हा प्रकार अधिक मोठा झाला. चीन-जपान हा ‘दूरचा पूर्व’ ठरला, कारण तो लंडनपासून दूर. ‘मध्यपूर्व’ हा शब्द १९०२ मध्ये मेहॅन या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने इराणच्या आखाताभोवतीच्या प्रदेशाला लावला आणि तो पसरला. आपले परराष्ट्र मंत्रालय त्या भागाला पश्चिम आशिया म्हणते, कारण तो आपल्या पश्चिमेस आहे. मराठी वृत्तपत्रे मात्र अद्याप बहुधा ‘मध्यपूर्व’ लिहितात. मुंबईच्या बंदरातून सूर्य मावळतो त्या दिशेला निघालेल्या गलबताने ‘पूर्वेला’ पोहोचावे, हा चमत्कार केवळ भाषांतराने घडतो.

हा दोष इंग्रजांच्याच माथी मारून मोकळे होणे बरे नव्हे. आपण ‘ईशान्य भारत’ म्हणतो तेव्हा उभे कोठे असतो? गुवाहाटीच्या माणसाला गुवाहाटी ईशान्येस नाही. ती त्याच्या पायांखाली आहे. आणि परप्रांतात बदलीवर राहणारे आम्ही मराठी लोक वर्षानुवर्षे ‘आपल्याकडे’ आणि ‘इकडे’ असे दोन शब्द वापरतो. वीस वर्षे जेथे राहिलो, मुले जेथे शिकली, ते ‘इकडे’. आणि वर्षातून एकदा जेथे रजा घेऊन जातो, ते ‘आपल्याकडे’. हिंदुस्थानातील इंग्रजही इंग्लंडला ‘होम’ म्हणे. त्याच्या आणि आमच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तो राज्यकर्ता होता, आम्ही याच देशाचे नागरिक आहोत. पण म्हणूनच त्याची ही सवय आम्हांस अधिक खटकली पाहिजे.

१९५६ च्या कायद्याने भारताने दशमान मापे स्वीकारली आणि पुढील काही वर्षांत सडकांवरचा मैल गेला. ऑस्ट्रेलिया, कॅनडा यांनी १९७० नंतरच्या दशकात तोच मार्ग धरला; आयर्लंडने २००५ मध्ये वेगमर्यादाही किलोमीटरांत आणल्या. ब्रिटनच्या सडकांवर आणि अमेरिकेत मात्र मैल टिकून आहे. अमेरिकेत तर बोलताना पुष्कळदा मैलही सांगत नाहीत, तास सांगतात. मोटार तासाला साठ मैल गेली, की मैल आणि मिनिट एकच होतात. यात नवे काही नाही; ‘लीग’ हे युरोपातले जुने मापही तासाभराच्या चालीवरूनच आले असे मानतात. आणि आम्हीही घर ‘दोन रात्रींच्या प्रवासावर’ आहे असेच म्हणतो. किलोमीटर फक्त प्रवासभत्त्याच्या बिलात लिहितो.

तेव्हा मापे कायद्याने बदलावीत, ते योग्यच आहे. वाक्प्रचार मात्र भाषांतराने आणू नयेत. इंग्रजीतील ‘स्टोन्स थ्रो’चे ‘दगडफेकीच्या अंतरावर’ असे रूपांतर मराठीत छापलेले दिसते. मराठीत दगडफेक दंग्यात होते. ज्या शाळेपासून घर ‘दगडफेकीच्या अंतरावर’ आहे, तेथे मुलांना पाठवावे की नाही हा प्रश्न पडेल. आपल्याकडे यासाठी ‘हाकेच्या अंतरावर’ हा शब्द आहे. आणि हा शब्द दिसतो त्याहून जुना आहे. ‘कोस’ संस्कृत ‘क्रोश’ शब्दापासून आला, आणि क्रोश म्हणजे आरोळी, हाक. कोस हा मुळात हाकेचा टप्पा होता. मोगलांनी त्याचे मिनार बांधले, इंग्रजांनी त्याचे मैल केले, सरकारने त्याचे किलोमीटर केले, तरी ‘बारा कोसांवर भाषा बदलते’ हे आपण अद्याप कोसांतच सांगतो.

बंगाल्यांच्या तोंडी हाच शब्द क्रोश आहे, हिंदी भाषिकांच्या तोंडी कोस. ज्या गावी आम्हांस नोकरीने नेऊन सोडले, तेथील माणसानेही अंतर मोजले ते याच हाकेने. ‘इकडे’ आणि ‘आपल्याकडे’ यांतले अंतर रेल्वेच्या कोष्टकावर कितीही भरो, शेजारी राहणाऱ्याचे घर आमच्या हाकेच्या अंतरावर असते. ती हाक मारावयाची की नाही, एवढेच आमच्या हाती आहे.